आद्य क्रांतिवीर उमाजी नाईक

पुरंदरच्या पायथ्याशी भिवडी गावी ७ सप्टेंबर १७९१ रोजी रामोशी समाजात उमाजींचा जन्म झाला. वडील दादोजी खोमणे हे गडाचे राखणदार. पेशवाईच्या अखेरीस गडाची राखण गेली आणि १८१८ नंतर कंपनी सरकारच्या अमलात रामोशांचे उरलेसुरले हक्कही बुडू लागले. ज्यांनी रात्र-रात्र जागून गाव राखले, त्यांच्याच घरी चूल पेटेनाशी झाली.

उमाजी हे जेजुरीच्या खंडेरायाचे निस्सीम भक्त. तुरुंगात असताना ते लिहावयास-वाचावयास शिकले. पुढे माणसे जमवून त्यांनी सावकारांवर व सरकारी खजिन्यावर हात टाकला. त्यांनी दरोडे घातले, हे लपविण्याचे कारण नाही. तरीही गोरगरिबांना ते आपले वाटले. कारण जेथे दाद मागावयाची, तेथेच हक्क बुडत होता. अशा वेळी आपल्यातलाच एक जण ताठ उभा राहिला. १८३१ साली तर इंग्रजांस सारा देऊ नये, असा जाहीरनामाच त्यांनी काढला.

सरकारने मोठे इनाम लावले. अखेर डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळ उत्रोळी येथे फितुरीने ते पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. ज्या कॅप्टन मॅकिंटॉशने त्यांचा पाठलाग केला, त्यानेच पुढे लिहून ठेवले, की शिवछत्रपतींचा आदर्श उमाजींच्या डोळ्यांपुढे होता.

देवापुढे समई लावताना गाव राखणाऱ्यांचेही स्मरण असावे. राखणदाराची भाकर हिरावली गेली, म्हणूनच हे बंड झाले.