देवांना घराघरांत नेणारा चित्रकार

कमळातील लक्ष्मी आणि वीणाधारी सरस्वती यांची रूपे मराठी घरांत ज्यांच्या चित्रांनी रुजविली, ते राजा रविवर्मा महाराष्ट्राचे नव्हते. त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी त्यांचा जन्म झाला. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांचा गौरव झाला आणि संस्थानिकांची बोलावणी येऊ लागली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी चौदा पौराणिक प्रसंग रंगविले. राजवाड्यात लागण्यापूर्वी ही चित्रे मुंबईत मांडली गेली, तेव्हा ती पाहण्यास गर्दी लोटली. पण चित्र एक आणि भिंतही एकच, तीही राजाची. म्हणूनच सर टी. माधवराव यांनी त्यांना चित्रे छापून घेण्याचे सुचविले होते.

युरोपने हा मार्ग चार शतके आधीच चोखाळला होता. मांतुआच्या दरबारी चित्रकार मांतेन्या याचा मद्यदेव बाकस ताम्रपटावर कोरून छापला गेला. मांतेन्याचे असे छाप आल्प्सपलीकडे पोहोचले आणि १४९४ मध्ये तरुण ड्यूररने त्यांच्या नकला काढल्या.

रविवर्मांनी तांब्याऐवजी दगड निवडला. १८९४ मध्ये गिरगावात जर्मन यंत्रे आणि जर्मन कारागीर आणून त्यांनी शिळाछापखाना उभारला. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे आणि एकाच कागदावर त्या क्रमाने दाबल्या जात. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे. ज्यांना देवळाची पायरी चढण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या भिंतीवर आता देव आला. हे श्रेय त्यांच्या कोणत्याही पदकाहून मोठे मानावे लागेल.

व्यवहारात मात्र त्यांना यश आले नाही. भागीदारी तुटली, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला. कर्ज वाढतच गेले. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला आणि चित्रे छापण्याचे हक्कही त्याच्याकडे गेले. पुढे चित्रपटमहर्षी झालेले दादासाहेब फाळके यांनीही याच छापखान्यात काही काळ काम केले.

सावलीसारखे सोबत राहिलेले धाकटे बंधू राजवर्मा १९०५ मध्ये वारले. त्यानंतर रविवर्मा फार जगले नाहीत. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे त्यांचे निधन झाले. मळवलीची यंत्रे त्यानंतरही त्यांचे देव छापत राहिली. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत तो छापखाना जळाला.