सिकलसेलचा रिपोर्ट ज्याच्यामुळे वाचता येतो, त्यानेच वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवायला सांगितलं होतं

लग्न ठरायच्या आधी मुलीची रक्ततपासणी होते. रिपोर्टवर आकडे येतात : एचबी ए 60 टक्के, एचबी एस 37 टक्के. घरच्यांचा जीव टांगणीला. मुलीला सिकलसेल आहे का?

नाही. ती फक्त वाहक आहे. हा फरक आज सांगता येतो, त्यामागे लायनस पॉलिंग यांचं काम आहे.

पॉलिंग यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1901 चा, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. वडिलांचं औषधांचं दुकान होतं, पण ते 1910 मध्येच वारले. पॉलिंग पडेल ती कामं करत शिकले आणि रसायनशास्त्रातलं मोठं नाव झाले.

1945 मध्ये डॉ. विल्यम कॅसल यांनी त्यांना सिकलसेलबद्दल सांगितलं. ऑक्सिजन कमी झाला की या रुग्णांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. पॉलिंग यांना वाटलं, दोष पेशीत नाही, हिमोग्लोबिनच्या रेणूतच असणार.

हार्वे इटानो आणि इतर सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनमधून वीजप्रवाह सोडला. निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन वेगवेगळं सरकलं. वाहकांच्या रक्तात मात्र दोन्ही प्रकार सापडले. 1949 मध्ये हे संशोधन छापून आलं. एखाद्या आजाराचं मूळ थेट रेणूत सापडण्याची ही पहिलीच वेळ होती.

आजची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी याच तत्त्वावर चालते. साधारणपणे एचबी ए जास्त आणि एचबी एस कमी असेल तर माणूस वाहक. एचबी ए जवळपास नसेल आणि बहुतेक एचबी एसच असेल तर आजार. विदर्भात, नंदुरबारमध्ये शिबिरांत होणारी सोल्युबिलिटी टेस्ट फक्त एचबी एस आहे की नाही एवढंच सांगते. त्यामुळे ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजारच आहे, असं नाही. नुकतंच रक्त चढवलं असेल तर आकडे बदलतात, हेही डॉक्टरांना सांगायला हवं.

पॉलिंग यांना 1954 मध्ये रसायनशास्त्राचं आणि अणुचाचण्यांना विरोध केल्याबद्दल 1962 चं शांततेचं नोबेल मिळालं.

पण 1968 मध्ये त्यांनी सुचवलं, वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवा, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. मुलांचा त्रास टळावा हा हेतू होता, पण निरोगी माणसांवर कायमचा शिक्का बसला असता. तसं गोंदण झालं नाही. तरी पुढच्या दशकात अमेरिकेत काही वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला गेलाच.

19 ऑगस्ट 1994 रोजी पॉलिंग गेले.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल असेल, तर बाळाला सिकलसेल आजार होत नाही. म्हणून एकटीचा रिपोर्ट बघून लग्न मोडू नका. मुलाचीही तपासणी करा आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.