चंचल मुलांचे डॉक्टर : जॉर्ज स्टिल

एके जागी न बसणाऱ्या मुलाला आपण चटकन व्रात्य ठरवून छडी उगारतो. त्याआधी डॉ. जॉर्ज स्टिल यांचे चरित्र आठवा.

१८६८ साली लंडनमध्ये जन्मलेल्या स्टिल यांनी आपले आयुष्य बालरुग्णांना वाहिले. मुलांच्या सांध्यांचा एक आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९०२ साली तीन व्याख्यानांत त्यांनी बुद्धी शाबूत असूनही वर्तन ताब्यात नसलेल्या मुलांचे वर्णन केले. त्यांनी हा नैतिक संयमाचा दोष मानला. कारण मात्र शरीरात शोधले. त्यांच्या हयातीतच, १९३७ साली, अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना वर्तनाच्या तक्रारी असलेली काही मुले औषधाने अभ्यासात रमलेली दिसली. १९४१ साली स्टिल निवर्तले. या विकाराला एडीएचडी हे नाव १९८७ साली मिळाले.

आज पालकांना मार्गदर्शन, शिक्षकांचे सहकार्य आणि गरजेनुसार डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध, असे उपचार होतात. शाळेत मारण्यास २००९ च्या कायद्याने बंदी आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शंका असल्यास तेथे जा. प्रत्येक चंचल मूल आजारी नसते, हेही ध्यानात ठेवा. मूल ही अल्लाहची अमानत आहे. तिची पारख छडीने होत नाही.