पुणतांब्याचे अण्णा

आपल्या नाशकावरून पुढे गेलेली गोदामाई पुणतांब्याला पोचते. चांगदेवांच्या समाधीचं हे गाव. रामचंद्र नरहर चितळकर इथलेच, जन्म १२ जानेवारी १९१८. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून नुसते चितळकर आणि सिनेमावाल्यांचे अण्णा!

त्यांचं नाव घेतलं की उडत्या चालीची गाणी आठवतात. परदेशी वाद्यं आणून यांनी आपलं संगीत बिघडवलं, असा ठपकाही त्यांच्यावर बसला. पण त्यांचा पाया बघा. आधी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे, मग पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात ते गाणं शिकले. सिनेमात आले ते मात्र नट व्हायला. १९३५ च्या ‘नागानंद’मध्ये नायक झाले आणि चित्रपट पडला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हात किरकोळ भूमिका आणि पुढे पेटी वाजवणं. दुसऱ्यांच्या चालींना साथ करता करताच हा माणूस संगीतकार झाला. १९४२ मध्ये मास्टर भगवानच्या ‘सुखी जीवन’ला त्यांनी संगीत दिलं.

मुंबईत तेव्हा गोव्याकडचे वादक होते. हॉटेलांत जाझ वाजवणारे, कागदावरचं नोटेशन बघून वाजवणारे. ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, जॉन गोम्स ही मंडळी अण्णांसोबत होती. चाल अण्णांची, तिच्यावर ट्रंपेट, सॅक्सोफोन, बोंगोचा साज. १९५१ च्या ‘अलबेला’त या जोडीनं सारा देश नाचवला. आणि गंमत म्हणजे याच चित्रपटात पिलू रागातली एक अंगाईही आहे. लताबाई आणि चितळकरांची. ती ऐकून आजही बाळं झोपतात.

‘ईना मीना डिका’ आलं १९५७ च्या ‘आशा’मध्ये. मुलांच्या खेळातल्या बडबडीवरून ते सुचलं, असं सांगतात. त्यात ‘मका नाका’ हे चक्क कोकणी शब्द आहेत! त्याच्या चारच वर्षं आधी, १९५३ मध्ये, ‘अनारकली’साठी त्यांनी भीमपलासात चाल बांधली होती. म्हणजे पाश्चात्य ठेका घेतला तो आपलं येत नव्हतं म्हणून नव्हे. आपलं पक्कं होतं, म्हणूनच दुसऱ्याचं घ्यायची भीती वाटली नाही.

पुढे असा ठेका सगळ्यांनीच उचलला आणि अण्णांकडचं काम मात्र कमी होत गेलं. अशा उतरत्या काळात, २७ जानेवारी १९६३ ला, दिल्लीत लताबाईंनी कवी प्रदीप यांचं शहिदांचं गाणं गायलं. चाल अण्णांची. ते ऐकून पंडित नेहरूंचे डोळे पाणावले. मग ते मराठीकडे वळले. १९७० च्या ‘घरकुल’मधलं आई-पप्पांचं गाणं कितीतरी घरांत मुलांनी म्हटलंय.

५ जानेवारी १९८२ ला अण्णा गेले. आपली मुलं गिटार, कीबोर्डच्या क्लासला जातात, तेव्हा आपण उगाच धास्तावतो. मैत्रिणींनो, शिकू द्या त्यांना. फक्त त्यांच्या कानावर आपल्या अंगाया, ओव्या, अभंगही पडतायत ना, एवढं बघूया. पाया आपल्या घरात घातला जातो.