केशवसुतांची काव्यसाधना

रत्नागिरी जिल्ह्यात, गणपतीपुळ्याच्या प्रसिद्ध देवस्थानापासून जवळच, मालगुंड नावाचे एक लहानसे गाव आहे. समुद्राच्या काठी, नारळी-पोफळीच्या बागांत वसलेल्या या गावी १८६६ साली कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म झाला. या नावाने आज त्यांना फार थोडे लोक ओळखतात. त्यांच्या वडिलांचे नाव केशव. 'सुत' म्हणजे पुत्र. केशवांचा पुत्र तो केशवसुत. याच नावाने त्यांच्या कविता पुढे प्रसिद्धीस आल्या आणि आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून हेच नाव महाराष्ट्राच्या तोंडी झाले.

केशवसुतांनी लिहिलेल्या सर्व कविता एकत्र केल्या, तरी त्यांचे एक बेताचे पुस्तक होते. सुमारे वीस वर्षांच्या काळात त्यांनी अवघ्या एकशे पस्तीसच्या आसपास कविता लिहिल्या. म्हणजे वर्षाकाठी सरासरी सहा-सातच! त्याच काळात पुण्यात हरि नारायण आपटे हे थोर कादंबरीकार लिहीत होते. त्यांच्या कादंबऱ्या एका ओळीने मांडल्या, तर कपाटाची फळी भरून जाईल. हे पाहिले म्हणजे एक शंका सहज मनात येते. कादंबरी लिहिणाऱ्याला शेकडो पाने लिहावी लागतात, कवीचे काम मात्र चौदा-वीस ओळींत आटोपते. तेव्हा कविता लिहिण्यास कादंबरीपेक्षा श्रम कमी पडत असले पाहिजेत. वर्गात कविता शिकवीत असता ही शंका विचारणारा एखादा विद्यार्थी दरवर्षी भेटतोच. शंका रास्त आहे. तिचे उत्तर केशवसुतांच्या चरित्रात सापडते.

केशवसुतांच्या घरची स्थिती साधारण होती. वडील प्रथम शिक्षक होते. कुटुंब मोठे असल्यामुळे मुलांच्या शिक्षणाची ओढाताण होई. केशवसुतांचे शिक्षण एका ठिकाणी सलग असे झालेच नाही. खेड, बडोदे, वर्धा, नागपूर आणि शेवटी पुणे अशी त्यांच्या शाळांची गावे बदलत गेली. नागपुरास असताना नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांची ओळख झाली. हेच पुढे रेव्हरंड टिळक या नावाने कवी म्हणून विख्यात झाले. पुण्यास ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. त्या वेळी पुण्यात आगरकरांच्या सुधारणेच्या विचारांनी तरुणांची मने ढवळून निघत होती. केशवसुतांच्या मनावरही त्या विचारांचा खोल ठसा उमटला. तेथेच हरिभाऊ आपट्यांचाही त्यांना परिचय झाला. १८८९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, केशवसुत मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे शिकणे मात्र त्यांना साधले नाही. पोटासाठी त्यांनी मुंबईची वाट धरली आणि तेथे निरनिराळ्या शाळांतून शिक्षकाचे काम पत्करले.

कविता लिहिण्यास त्यांनी विद्यार्थिदशेतच आरंभ केला होता. त्या काळचे बहुतेक कवी पुराणांतील कथा, देवांची स्तुती किंवा राजांचे वर्णन हे विषय घेत आणि जुन्या पंडित कवींच्या वळणाने लिहीत. केशवसुतांनीही प्रथम तेच वळण गिरवले. सुतार होऊ इच्छिणारा मुलगा ज्याप्रमाणे आधी रंधा धरावयास शिकतो, त्याप्रमाणे त्यांनी संस्कृत व इंग्रजी काव्यांची भाषांतरे करून आपला हात बसविला. हळूहळू त्यांना आपले स्वतःचे विषय दिसू लागले. ज्याला काम मिळत नाही अशा उपाशी मजुराचे दुःख त्यांनी कवितेत मांडले. अस्पृश्य मानलेल्या मुलाला आपल्या वाट्यास आलेला दुरावा पाहून पडलेला पहिला प्रश्न हाही त्यांच्या कवितेचा विषय झाला. असे विषय कवितेला शोभत नाहीत, असे मानण्याचा तो काळ होता. त्यामुळे जुने शब्द आणि जुनी अलंकारांची भांडवली उपयोगी पडेना. नव्या विषयाला नवी भाषा घडविणे भाग होते. हे काम एका दिवसात झाले नाही. त्यांची 'तुतारी' ही सुप्रसिद्ध कविता १८९३ सालची आहे. म्हणजे लेखनास आरंभ केल्यापासून ती लिहिली जाईपर्यंत सुमारे आठ वर्षे लोटली होती. अन्याय्य रूढींवर तुटून पडण्यासाठी समाजाला हाक देणारी ती कविता वाचावयास काही मिनिटे पुरतात. त्या काही मिनिटांच्या पाठीशी कवीची आठ वर्षे उभी आहेत.

कवितेचे श्रम कोठे पडतात, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. इंग्रजीत चौदा ओळींची एक काव्यरचना प्रचलित आहे. आज आपण तिला सुनीत म्हणतो. ती रचना मराठीत प्रथम केशवसुतांनी आणली. 'मयूरासन आणि ताजमहाल' ही त्यांची १८९२ सालची कविता मराठीतील पहिले सुनीत मानली जाते. त्यांची 'आम्ही कोण?' ही कविताही चौदा ओळींचीच आहे. तिचे वृत्त शार्दूलविक्रीडित. या वृत्ताच्या प्रत्येक ओळीत एकोणीस अक्षरे असतात. त्यांपैकी अकरा गुरू, म्हणजे लांब उच्चाराची, आणि आठ लघू, म्हणजे आखूड उच्चाराची. कोणते अक्षर कोठे यावे, हे आधीच ठरलेले असते. पहिली तीन अक्षरे गुरू, मग दोन लघू, मग पुन्हा गुरू, असा तो क्रम असतो. बाराव्या अक्षरावर क्षणभर थांबावे लागते. चौदा ओळींची मिळून दोनशे सहासष्ट अक्षरे होतात. त्यांतील एकही अक्षर आपली जागा सोडू शकत नाही.

आता समजा, कवीला ओळीच्या आरंभी आईचा उल्लेख करावयाचा आहे. आई, माता, जननी, माय असे अनेक शब्द मराठीत आहेत. 'जननी' या शब्दात पहिली दोन अक्षरे लघू आहेत. म्हणून या वृत्तात तो शब्द ओळीच्या आरंभी बसत नाही. 'माय' शब्दातील दुसरे अक्षर लघू; तेव्हा तोही बसत नाही. 'आई' आणि 'माता' हे दोन्ही बसतात. पण 'माता' म्हटले की आदर वाटतो आणि 'आई' म्हटले की माया वाटते. कवीला माया दाखवावयाची असेल, तर 'आई' हाच शब्द हवा. तो घेतला, की पुढील शब्दांची मांडणी त्याला जुळवून घ्यावी लागते. एक शब्द हलला की सारी ओळ हलते. ओळ हलली की तिच्याशी यमक जुळविणारी ओळ हलते. इतके करूनही वाचणाऱ्याला मात्र असे वाटले पाहिजे, की हे शब्द कवीच्या मुखातून सहज आले. श्रम दिसू न देणे हा कवीच्या श्रमांतील सर्वांत अवघड भाग होय.

वृत्त सांभाळले म्हणजे कविता झाली, असेही नव्हे. वृत्तात बसणारी पण निर्जीव अशी पद्ये त्या काळी पुष्कळ लिहिली जात होती. मनात काही उत्कट उसळून यावे लागते. ते आणू म्हणून येत नाही. केशवसुतांना याची पुरी जाण होती. त्यांच्या एका कवितेचे नाव 'झपूर्झा' आहे. आपले भान हरपून जाते, अशा आनंदाच्या अवस्थेचे त्या कवितेत वर्णन आहे. या अवस्थेला नाव देण्यासाठी त्यांना तयार शब्द सापडला नाही. खेळताना मुली 'जा पोरी जा' असे भरभर म्हणतात. त्या बोलांच्या वेगातून त्यांनी हा नवा शब्द घडविला. असा अनुभव क्षणभर येतो आणि निघून जातो. तो शब्दांत पकडून ठेवण्यासाठी कवीला कान आणि मन सदैव जागे ठेवावे लागते. शाळेत शिकविताना, वह्या तपासताना, संसाराची चिंता वाहताना केशवसुतांनी ते जागे ठेवले. हे काम घड्याळ लावून मोजता येत नाही, म्हणून ते काम नव्हे असे कसे म्हणावे?

मग कादंबरीकाराचे श्रम थोडे काय? मुळीच नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' नावाचे साप्ताहिक सुरू केले आणि पाव शतकाहून अधिक काळ चालविले. त्यांच्या अनेक कादंबऱ्या त्यात क्रमशः छापल्या गेल्या. आठवडा उजाडला की नवे प्रकरण तयार हवे. अंगात ताप असो की घरात पाहुणे असोत, छापखाना थांबत नाही. एकदा छापलेले प्रकरण परत घेऊन दुरुस्त करण्याचीही सोय नाही. 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिचे बालपण, तिचे सासर, तिच्यावर कोसळलेले वैधव्य हे सारे शेकडो पानांतून सांगताना तो आवाज यमूचाच राहिला पाहिजे. किती माणसे, किती प्रसंग आणि किती धागे लेखकाला ध्यानात ठेवावे लागले असतील! हा भार इतका मोठा, की हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.

यावरून असे दिसते, की दोघांच्याही वाट्यास श्रम आले. मात्र ते निरनिराळ्या जातीचे होते. कादंबरीकार हा लांबच्या यात्रेस निघालेल्या वाटसरूसारखा असतो. त्याला रोज चालावे लागते, दम टिकवावा लागतो आणि वाट चुकून चालत नाही. एखादे पाऊल वाकडे पडले, तरी पुढे त्याला सावरून घेता येते. कवी हा सोनारासारखा असतो. त्याच्यापुढे सोने गुंजभरच असते. पण हातोडीचा एक घाव चुकीचा पडला, तर सारा दागिना बिघडतो. वाटसरूचे श्रम कोसांनी मोजावे, सोनाराचे कोसांनी मोजू नयेत.

१८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ सुरू झाली. त्यानंतर केशवसुतांनी मुंबई सोडली आणि ते खानदेशात आले. भडगाव व फैजपूर येथील शाळांत त्यांनी शिक्षकी केली. १९०४ साली ते धारवाडच्या हायस्कूलमध्ये मराठीचे शिक्षक झाले. स्वभावाने ते एकांतप्रिय आणि मितभाषी होते. जळगावच्या 'काव्यरत्नावली' मासिकात, हरिभाऊंच्या 'करमणुकी'त आणि अशाच इतर नियतकालिकांत त्यांच्या कविता अधूनमधून प्रसिद्ध होत. त्यांचे पुस्तक मात्र निघाले नाही. कवितेने त्यांना पैसा दिला नाही, मोठे पद दिले नाही. तरीही त्यांनी आपल्या कवितेचा दर्जा उतरू दिला नाही आणि संख्या वाढविण्यासाठी कधी लेखणी चालविली नाही.

१९०५ सालच्या नोव्हेंबरात ते हुबळीस गेले होते. ज्या प्लेगमुळे त्यांनी मुंबई सोडली होती, त्याच प्लेगने त्यांना तेथे गाठले. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांचे निधन झाले. थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईही त्याच रोगाने मरण पावल्या. केशवसुतांचे वय त्या वेळी अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते. आपल्या कवितांचे पुस्तक हाती घेण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

ठिकठिकाणी विखुरलेल्या त्या कविता काळाच्या उदरात गडप होण्याचा धोका होता. तो ज्यांनी टाळला, ते होते हरिभाऊ आपटे. केशवसुतांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी त्या कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. पुढे दोनच वर्षांनी हरिभाऊंचेही निधन झाले. ज्यांनी आयुष्यभर हजारो पाने लिहिली, लेखनाचे श्रम म्हणजे काय हे ज्यांनी अंगावर सोसले, त्यांनीच या लहानशा पुस्तकाचे मोल ओळखले. कादंबरीकाराने कवीला दिलेली ती मानवंदनाच होती.

त्या एका पुस्तकाने मराठी कवितेचा मार्ग बदलला. गोविंदाग्रज आणि बालकवी यांच्यासारखे कवी त्याच मार्गाने पुढे गेले. मालगुंडास केशवसुतांच्या जन्मघरी १९९४ साली त्यांचे स्मारक उभे राहिले. गणपतीपुळ्यास जाणारे पुष्कळ प्रवासी वाट वाकडी करून तेथे जातात. तुम्हांस तेथे जाण्याचा योग आला, तर त्या घराच्या ओटीवर क्षणभर बसा आणि 'आम्ही कोण?' ही चौदा ओळींची कविता सावकाश वाचा. वाचून झाल्यावर तिच्यातील एखादा शब्द काढून त्या जागी दुसरा बसवून पाहा. तो किती कष्टाने बसतो, आणि बसला तरी ओळ कशी लंगडू लागते, हे तुमचे तुम्हांलाच कळून येईल.