रोल्स-रॉईस नको, बैलगाडी घ्या!

अब्दुस सलाम म्हटलं की १९७९ चं नोबेल आठवतं. विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल ही मुळात एकाच बलाची दोन रूपं आहेत, या सिद्धांतासाठी ते ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांच्यासोबत मिळालं. पण मित्रांनो, ती थिअरी आपल्या सिलॅबसमध्ये नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नीट कळलेली नाही. मला भावली ती त्यांच्या आयुष्यातली पैशांची गोष्ट.

जन्म १९२६ चा, घर पंजाबातल्या झंग गावी. वडील शिक्षण खात्यात साध्या नोकरीत. पोरगा मॅट्रिकला रेकॉर्ड मोडून पहिला आला, पण केंब्रिजला पाठवायला पैसा कुठला? योगायोग बघा. महायुद्धासाठी पंजाबात गोळा केलेला निधी युद्ध संपल्यावर पडून होता. त्यातून छोट्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या निघाल्या. सलाम १९४६ मध्येच बोटीत बसले. बाकीच्यांचं जाणं लांबलं, तेवढ्यात फाळणी झाली आणि त्यांच्या शिष्यवृत्त्या बुडाल्या.

१९५१ मध्ये ते लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात प्रोफेसर झाले. रिसर्च विसरा, असा सल्ला मिळाला. जोडीला तीनपैकी एक काम घ्यायचं होतं: होस्टेलची वॉर्डनगिरी, हिशेब किंवा फुटबॉल टीम. त्यांनी फुटबॉल घेतला. (आमच्या वॉर्डन सरांनी राग मानू नये!) त्याच काळात पाउली हे बडे शास्त्रज्ञ भाभांच्या टीआयएफआरमध्ये आले होते. त्यांची तार मिळताच सलाम तडक मुंबईला आले. परत गेले तर विनापरवानगी गैरहजेरीचा ठपका, आणि ते दिवस बिनपगारी! आसपास कोणी बोलायलाच नसेल तर थिअरीवाला माणूस वाळून जातो. त्यात १९५३ मध्ये लाहोरात अहमदियांविरुद्ध दंगली झाल्या, आणि सलाम अहमदिया होते. १९५४ मध्ये ते केंब्रिजला परतले.

देश किंवा फिजिक्स यातलं एकच निवडायची पाळी पुन्हा कोणावर येऊ नये, हे मात्र डोक्यात पक्कं बसलं. १९६० मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सभेत त्यांनी पाकिस्तानतर्फे प्रस्ताव मांडला: सगळ्या देशांच्या पैशांतून एक थिअरॉटिकल फिजिक्सचं केंद्र काढा. श्रीमंत देशांनी नाकं मुरडली. एका प्रतिनिधीचं म्हणणं, थिअरॉटिकल फिजिक्स ही विज्ञानातली रोल्स-रॉईस, गरीब देशांना बैलगाडी पुरे. गरीब देशांच्या मतांवर ठराव तरला, पण संस्थेने वर्षाला दिले फक्त ५५ हजार डॉलर! खुद्द पाकिस्तानात अर्थमंत्र्यांना वाटलं, याला शास्त्रज्ञांसाठी हॉटेल काढायचंय.

धावून आली इटली. १९५४ पर्यंत त्रिएस्ते शहर कोणाचं यावरच भांडण होतं. तिथले प्राध्यापक बुदिनिच यांना गावात काहीतरी जिवंत हवं होतं. इटलीने अडीच लाख डॉलरहून जास्त वार्षिक मदत आणि इमारत देऊ केली, आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये केंद्र सुरू झालं. १९७० मध्ये युनेस्को भागीदार झाली. तरी डायरेक्टर सलाम यांच्या हातातली झोळी सुटली नाही.

पैसा कसा वाटायचा यातच त्यांची हुशारी दिसते. विकसनशील देशातल्या प्राध्यापकाने नोकरी सोडायची नाही. काही वर्षांत तीन वेळा, दीड ते तीन महिने त्रिएस्तेला यायचं, प्रवास आणि राहणं केंद्राकडे. लायब्ररी वापरा, भांडा, फळा भरा आणि घरी जा. ही असोसिएट योजना. एका मोठ्या प्रयोगशाळेच्या खर्चापुढे हा चहापाण्याचा खर्च, पण शेकडो माणसं आपापल्या देशात टिकली. आपले आणि पाकिस्तानचे फिजिक्सवाले एका टेबलावर बसायचे, ते याच पैशांतून.

स्वतःच्या देशात मात्र १९७४ च्या घटनादुरुस्तीने त्यांच्या पंथाला गैरमुस्लिम ठरवलं. १९९६ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले, दफन पाकिस्तानात रबवाहला झालं. कबरीच्या दगडावरचा मुस्लिम हा शब्द पुढे खोडण्यात आला. त्रिएस्तेच्या केंद्राला १९९७ पासून त्यांचं नाव आहे.