चार्ली पार्कर : कॉर्ड्स जुन्याच, उड्डाण नवं

१९३६. कॅन्सस सिटीतला रेनो क्लब. जॅम सेशनमध्ये पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि मध्येच गाण्याच्या कॉर्ड्समधून घसरला. ड्रमर जो जोन्सने सरळ सिम्बल काढून त्याच्या पायाशी फेकला. क्लबभर हशा!

पुढच्या उन्हाळ्यात चार्ली पार्कर ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडसोबत वाजवायला गेला. सोबत लेस्टर यंगच्या रेकॉर्ड्स. त्यातले सोलो कानाने उतरवायचे, कॉर्ड्स शिकायच्या, पुन्हा वाजवायचं. परतला तो वेगळाच वादक होऊन.

१९३९ मध्ये न्यूयॉर्क. पोटासाठी हार्लेममध्ये भांडी घासली. पण कुठे, तर जिथे आर्ट टेटम पियानो वाजवायचा तिथे. (असा पार्ट टाइम जॉब कुणाला नको?) त्याच काळात गिटारिस्ट बिडी फ्लीटबरोबर ‘चेरोकी’ घोळवताना त्याला किल्ली सापडली.

कॉर्ड म्हणजे सोप्या भाषेत सा-ग-प एकत्र. त्यावर नि चढवा, मग वरच्या सप्तकातले रे, म, ध. बहुतेक जण खालच्या मजल्यावरच सोलो बांधायचे. पार्करने वरच्या मजल्यावरच्या स्वरांतून धून काढली आणि त्यांना शोभतील अशा कॉर्ड्स खाली सरकवल्या. त्यात ‘चेरोकी’ म्हणजे वाट लावणारं गाणं. ६४ बार. मधल्या भागात दर ४ बारला ‘सा’च एका स्वराने खाली उतरतो : बी, ए, जी आणि मग मूळ बी फ्लॅटकडे परत. इथे पाठांतर कामाला येत नाही. कुठली कॉर्ड पुढे कुठे ढकलणार, हे आधीच कळावं लागतं.

२६ नोव्हेंबर १९४५ला सॅव्हॉय कंपनीसाठी ‘को-को’ रेकॉर्ड झालं. कॉर्ड्स ‘चेरोकी’च्या, धून नवी. पहिल्या टेकमध्ये मंडळी सवयीने जुनी धून वाजवायला लागली आणि टेक थांबला. जुन्या धुनेला रॉयल्टी पडते, कॉर्ड्सना नाही! बीबॉपच्या कितीतरी रचना अशाच जन्मल्या.

हेरॉइन मात्र किशोरवयातच चिकटलं होतं. १९४६ मध्ये तो कोसळला, कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात काही महिने काढले. सगळ्यात खुपतं ते हे, की त्याच्यासारखं वाजवता यावं म्हणून काही तरुण वादकांनी रियाजाऐवजी त्याचं व्यसन उचललं. १२ मार्च १९५५ला पार्कर गेला. वय ३४, तपासणाऱ्या डॉक्टरांना तो पन्नाशीपुढचा वाटला.

ऐकायचं असेल तर आधी रे नोबलचं ‘चेरोकी’ लावा, लगेच ‘को-को’. खाली तेच गाणं आहे, हे पहिल्यांदा पटणारच नाही.